चोचीला चुकवून जगणाऱ्या उवा

चामराजपेटेत कबुतरे दोन तऱ्हांची. कृष्णराजेंद्र मार्केटच्या बाजूने थव्याने येणारी, देवळांच्या गोपुरांवर आणि जुन्या घरांच्या वळचणीला वस्ती करणारी, कोणाचीच नसलेली ही एक तऱ्हा. दुसरी गच्चीवरच्या जाळीत राहणारी, पायात रिंग घातलेली, मालकाला जिचा आजा-पणजा तोंडपाठ असतो अशी. शर्यतीच्या कबुतरांचा नाद बेंगळुरूत जुना आहे. १८९२ साली वसवलेल्या या पेठेतल्या दाटीवाटीच्या घरांवर संध्याकाळी जी शीळ ऐकू येते, ती बहुतेक वेळा परतणाऱ्या कबुतरांसाठी असते. मालकीच्या आणि बिनमालकीच्या या दोन जमातींना एकमेकांशी फारसे देणेघेणे नसते. पिसांतल्या उवा मात्र दोघांच्या एकाच जातीच्या.

उवा म्हटले की आपल्याला आधी घाण आठवते आणि लगेच औषध. पक्ष्यांच्या बाबतीत या दोन्ही आठवणी बाजूला ठेवाव्यात असे माझे मत आहे. कबुतराच्या अंगावर दोन-चार डझन उवा असणे हा आजार नव्हे. त्या अचानक शेकड्यांनी वाढल्या तर ती खबर आहे, आणि ती खबर बहुधा उवांची नसून त्या पक्ष्याच्या चोचीची, पायाची किंवा एकूण प्रकृतीची असते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या विषयावर जे काम झाले त्याचा रोख इकडेच आहे.

आधी त्या दिसतात कशा ते पाहू. कबूतर हातात घेऊन त्याचा पंख उजेडाकडे उघडून धरला की मोठ्या पिसांच्या तंतूंमध्ये बारीक करड्या रेघा आडव्या बसलेल्या दिसतात. अडीच-तीन मिलिमीटर लांबीची, सुतासारखी बारीक अशी ही पंखातली ऊ, शास्त्रीय नाव कोलंबिकोला कोलंबी. ती दोन तंतूंच्या मधल्या खाचेत अंग घालून पडते, म्हणजे वरून चोच फिरली तरी निसटते. छातीवरची पिसे फुंकर मारून उलटली की मुळाशी असलेल्या मऊ लवेत एक वेगळीच ऊ सापडते. ही आखूड आणि गोलसर, जेमतेम मिलिमीटरभर. हिचे नाव कॅम्पॅन्युलोटीस. ही खाचेत लपत नाही, लवेत बुडी मारते. एकाच पक्ष्यावर राहणाऱ्या दोन जाती, दोघींचे अन्न तेच, आणि चोचीपासून वाचण्याच्या दोन निराळ्या रीती. देहाची घडणही त्या रीतीप्रमाणे.

जगात पक्ष्यांवरच्या उवांच्या चार हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या डोक्यातली ऊ रक्त शोषते. तशी शोषणारी ऊ पक्ष्यांवर नसतेच, ती फक्त सस्तन प्राण्यांवर. पक्ष्यांवरच्या सगळ्या उवा जबड्याने कुरतडणाऱ्या. बहुतेकजणी पिसांची लव आणि कातडीचा कोंडा खातात, काही कोवळ्या पिसाचा कोंब कुरतडून येणारे रक्तही चाटतात. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत तीन-साडेतीन आठवडे लागतात, आणि हे सगळे आयुष्य पक्ष्याच्या अंगावरच जाते. अंडी, म्हणजे लिखा, पिसाला डिंकासारख्या द्रवाने चिकटवलेल्या असतात. पक्ष्यावरून खाली पडलेली ऊ काही दिवसांत मरते. त्यांचे सगळ्यात जवळचे नातलग कोण, तर जुन्या पुस्तकांच्या पानांवर पळणारे फिकट, टाचणीच्या डोक्याएवढे किडे. उवांना आता त्यांच्याच गणात घातले आहे. तेव्हा कुठल्याही जुन्या ग्रंथालयात उवांची चुलत भावंडे भेटतील, ती कोणाला चावत नाहीत.

काही उवांनी तर अजब जागा धरल्या आहेत. झोळीवाल्या पाणकोळ्यांवरच्या पियाजेटिएला वंशाच्या उवा त्या झोळीच्या आत, ओल्या कातडीला धरून राहतात. कुरल पक्ष्यावरची एक जात पिसाच्या पोकळ दांडीत शिरून राहते. जर्मनीत एकफेल्ड इथल्या खडकात सापडलेली पक्ष्याची ऊ सुमारे ४ कोटी ४० लाख वर्षे जुनी आहे आणि तिच्या पोटात पिसांचे तुकडे शाबूत आहेत. म्यानमारच्या अंबरातले, डायनोसॉरच्या पिसांजवळचे काही किडे २०१९ मध्ये उवांसारखे म्हणून जाहीर झाले, पण त्यावर लगेच आक्षेप आले. तो दावा सध्या बाजूला ठेवलेला बरा.

आता मुख्य प्रश्नाकडे. उवांमुळे पक्ष्याचे काही बिघडते का? जुनी पुस्तके सांगत की नाही. पिसेच तर खातात, खाऊ देत. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात डेल क्लेटन, सेरा बुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या पारव्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून हे मत पालटवले. त्यांची युक्ती सोपी होती. चोचीच्या दोन पात्यांमध्ये तारेचा छोटा अडसर बसवायचा. पक्ष्याला दाणा टिपता येतो, पण चोच पुरती मिटत नाही, म्हणून उवा चिमटता येत नाहीत. अशा पक्ष्यांवर उवा भराभर वाढल्या. त्यांनी लव इतकी खाल्ली की अंगातली उष्णता जास्त बाहेर जाऊ लागली आणि हिवाळ्यात पक्षी हडकले. उवांनी भरलेल्या नरांचे घुमणे कमी झाले आणि माद्यांनी स्वच्छ नर पसंत केले. म्हणजे नुकसान होते, पण ते चोच निकामी झाल्यावर दिसते. एरवी चोच आणि उवा यांचा रोजचा सामना बरोबरीत सुटतो.

चोचीची कारागिरी पाहायची तर कबुतराच्या चोचीचे टोक जवळून बघावे. वरचे पाते खालच्या पात्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर पुढे येऊन किंचित वाकलेले असते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एवढेसे टोक घासून काढले. पक्ष्यांचे खाणेपिणे नीट चालले, उवा मात्र वाढल्या. कारण खालचे पाते पुढे सरकून त्या आकड्याला घासते तेव्हाच ऊ चिरडते. वेगवान कॅमेऱ्याने पाहिले तर पिसे साफ करताना खालचे पाते सेकंदाला तीसएक वेळा हलते. आपण खिडकीतून बघतो तेव्हा पारवा नुसता आळसावून पिसे चाळतोय असे वाटते!

चोच डोक्यापर्यंत पोहोचत नाही. तिथले काम पायाच्या नखांचे. पाय अधू झालेल्या पक्ष्यांच्या डोक्यावर आणि मानेवर उवा-लिखांचे थर दिसतात ते यामुळे. शहरातल्या पारव्यांची बोटे दोऱ्यात आणि माणसांच्या केसांत अडकून झडतात. पॅरिसमधल्या २०१९ च्या पाहणीत हे नोंदले आहे. मांज्याने भरलेल्या आपल्या शहरांत त्यासाठी पॅरिसला जायची गरज नाही. जोडीतली कबुतरे एकमेकांची मान चोचीने साफ करतात, त्यात निव्वळ प्रेम शोधणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की जी जोडपी हे जास्त करतात त्यांच्यावर उवा कमी असतात. ज्यांची चोच फार लांब किंवा बोजड आहे असे पक्षी पायाने जास्त खाजवतात, तो हिशेबही जुळतो.

चोचीच्या या दहशतीने उवांचे रंगही ठरवले आहेत. पांढऱ्या पक्ष्यांच्या पंखांतल्या उवा फिकट, काळ्या पक्ष्यांच्या काळपट. पण डोक्यावरच्या उवांना हा नियम लागू नाही, कारण आपले डोके कोणत्याच पक्ष्याला दिसत नाही. याचा पुरावा प्रयोगानेही मिळाला. करड्या पारव्यांवरच्या उवा पांढऱ्या, काळ्या आणि करड्या कबुतरांवर सोडल्या. चार वर्षांत, म्हणजे उवांच्या सुमारे साठ पिढ्यांत, पांढऱ्यांवरच्या उवा उजळल्या, काळ्यांवरच्या सावळ्या झाल्या. ज्यांच्या चोचीला अडसर होता त्यांच्यावर काही बदल झाला नाही. त्याच धर्तीच्या दुसऱ्या प्रयोगात धिप्पाड जातीच्या कबुतरांवरच्या उवा आकाराने वाढल्या, इतक्या की मूळच्या लहान उवांशी त्यांचा संग नीट जमेना. एका जातीच्या दोन जाती होण्याची सुरुवात कशी होते हे चार वर्षांत डोळ्यांसमोर घडलेले पाहायला मिळणे दुर्मीळ. डार्विनलाही उवांचे कुतूहल होते, त्याने त्या गोळा करून हेन्री डेनी या जाणकाराकडे पाठवल्या होत्या. हा प्रयोग त्याला पाहायला मिळायला हवा होता.

एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर ऊ जाते ती अंगाला अंग लागले तरच. घरट्यात आईकडून पिल्लाकडे, जोडीत नराकडून मादीकडे. याला एक अपवाद कबुतर पाळणाऱ्यांना ठाऊक असेल, पण त्यांनी त्याचा संबंध लावला नसेल. कबुतराच्या पिसांतून एक चपटी माशी सरसर पळते, हातात धरली तरी चिरडत नाही. ती रक्त पिते आणि कबुतरांना मलेरियासारखा एक रक्तातला परजीवीही देते. पंखातली लांबट ऊ तिच्या पायाला धरून एका कबुतरावरून दुसऱ्यावर जाते. लवेतल्या गोलसर उवेला हे जमत नाही. परिणाम लाखो वर्षांच्या हिशेबात दिसतो. कबुतरे-होले यांच्या कुळाची वंशावळ आणि लवेतल्या उवांची वंशावळ ताडून पाहिली तर बरीच जुळते. पंखातल्या उवांची जुळत नाही, कारण त्या स्वार होऊन दुसऱ्यांच्या घरी उतरत राहिल्या.

म्हणून उवांवरून पक्ष्यांचे नाते काढण्याचा मोह जपून आवरावा लागतो. ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांच्यावरच्या उवा बदकांवरच्या उवांच्या जवळच्या, त्यावरून रोहित हा बदकांचा भाऊबंद असे एकेकाळी ठामपणे सांगितले जाई. जनुके तपासल्यावर नाते निघाले टिबुकलीशी. उवा बहुधा एकाच पाण्यात वावरताना इकडून तिकडे गेल्या.

आईच्या अंगाशी न वाढलेल्या पिल्लाचे काय, हा मला या सगळ्यात फार रंजक वाटलेला प्रश्न. कावळ्याच्या घरट्यात वाढणारी कोकिळा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिच्या जातभाईचा, कोकीळकुळातल्या साध्या कुक्कूचा अभ्यास जपानमध्ये झाला. परक्या घरट्यातून उडालेल्या पिल्लांवर उवा नव्हत्या. कुक्कूच्या खास उवा त्यांना नंतर, मोठेपणी दुसऱ्या कुक्कूंच्या संगतीत मिळतात. हॅचरीतून आलेली एक दिवसाची कोंबडीची पिल्ले अशीच कोरी असतात. त्यांना उवा मिळतात त्या आधीच्या कोंबड्यांपासून किंवा न धुतलेल्या खोक्या-पिंजऱ्यांतून.

आणि तिसरे उदाहरण माळढोकाचे. या कुळातल्या पक्ष्यांवर ओटिडीकस वंशाच्या, फक्त त्यांच्याच अशा उवा राहतात. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक दिसणे आता जवळपास संपले. राजस्थानात २०१९ पासून रानातली अंडी आणून यंत्रात उबवतात आणि पिल्ले माणसांच्या हातावर वाढवतात. पक्षी वाचावा यासाठी हे करायलाच हवे. पण अशा पिल्लांपर्यंत आईच्या उवा पोहोचण्याची वाटच राहत नाही. कॅलिफोर्नियात कॉन्डोर गिधाडांना वाचवताना हेच घडले: १९८७ पर्यंत उरलेले सगळे पक्षी पकडून आणले, औषध मारून स्वच्छ केले आणि त्यांच्यावरची एक खास ऊ कायमची नाहीशी झाली. उवेसाठी कोण रडणार, असे कोणी म्हणेल. पण आसाममधल्या पिग्मी डुकरावरची ऊ आज अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे, आणि तिथे असणारी ती एकमेव ऊ.

कुक्कुटपालकांना ही चर्चा चैनीची वाटेल, कारण त्यांच्याकडे उवांचा हिशेब अंड्यांत होतो. कोंबडीवर नेहमी आढळणाऱ्या सहा-सात जाती आहेत. त्यातली सगळ्यात त्रासदायक मेनाकॅन्थस स्ट्रामिनियस. कोंबडी उलटी धरून गुदद्वाराभोवतीची पिसे फाकवली की पिवळट उवा उजेड चुकवत पळतात, आणि पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे झुबके दिसतात. कातडी लाल झालेली, कोंबडी अस्वस्थ, अंडी कमी. इथेही चोचीचाच मुद्दा येतो. पिंजऱ्यात कोंबड्या एकमेकींना टोचतात म्हणून डीबीकिंग करतात, म्हणजे चोचीचे टोक छाटतात. अशा कोंबड्यांवर उवा जास्त होतात हे मोजून सिद्ध झाले आहे. आधी कोंबडीचे हत्यार काढून घ्यायचे आणि मग उवांसाठी औषधाचा खर्च करायचा, असा हा व्यवहार आहे.

गावाकडच्या कोंबडीकडे चोच असते आणि उकिरडाही. ती दुपारी राखेत, मातीत लोळते ते उगाच नव्हे. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात कोंबड्यांना लोळायला गंधक, काओलिन माती किंवा डायटोमाइट मिसळलेली पेटी दिली तेव्हा उवा घटल्या, गंधकाने सगळ्यात जास्त. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवताना टोपलीत राख, तंबाखूचा चुरा, कडुनिंबाचा पाला घालणाऱ्या आज्यांचा अंदाज बरोबर होता. मेक्सिको शहरात चिमण्या घरट्यात सिगारेटची थोटके विणतात आणि त्यामुळे घरट्यातले परजीवी कमी होतात असे २०१३ मध्ये दाखवले गेले. कोलकात्यातल्या चिमण्या कडुनिंबाची पाने आणतात हे १९८१ सालीच नोंदले गेले होते. सीताफळाच्या बियांची पूड मात्र जपून, ती डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. रासायनिक औषधांपैकी डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन पिसांवर लागले तर काम होते, पण लिखा मरत नाहीत. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा मारावेच लागते. इंजेक्शनने किंवा थेंबांनी दिलेले आयव्हरमेक्टिन रक्तात जाते, म्हणून फक्त पिसे खाणाऱ्या उवेला ते फारसे बाधत नाही. अंडी विकणाऱ्याने तर कोणतेही औषध पशुवैद्याला विचारल्याशिवाय वापरू नये. २०१७ मध्ये नेदरलँड्स-बेल्जियममध्ये माइट या बारीक परजीवींसाठी फवारलेले फिप्रोनिल अंड्यांत उतरले आणि लाखो अंडी फेकून द्यावी लागली.

माणसाला या उवा लागतात का? हातावर चढतात, गुदगुल्या करतात, आणि मरतात. आपल्या अंगावर त्या वाढू शकत नाहीत. एसीच्या मागे कबुतराने घरटे केले, पिल्ले उडाली आणि आठवड्याने घरातल्यांना पुरळ उठले, तर दोषी बहुधा ऊ नसते. ती असते माइट, मिलिमीटरपेक्षाही लहान, रक्त पिऊन लाल झालेली, जी पक्षी गेल्यावर भुकेने भिंतीवरून आत येते. घरटे रिकामे झाल्यावर लगेच काढून जागा धुतली की प्रश्न मिटतो. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो वाद पेटला, त्यात फुफ्फुसाच्या आजाराचा मुद्दा होता विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीचा. तो मुद्दा गंभीर आहे. त्यात उवांना ओवायचे कारण नाही.

भारतात या विषयाचे काम झाले नाही असे नाही. लखनौ विद्यापीठात बी. के. टंडन यांनी भारतीय पक्ष्यांवरच्या उवांचे बारकाईने वर्णन केले. भारतीय प्राणिसर्वेक्षणाच्या के. व्ही. लक्ष्मीनारायण यांनी १९८६ मध्ये भारत आणि शेजारच्या देशांतल्या उवांची सूची छापली. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या महाविद्यालयातून उवांच्या जीवनक्रमावर सातत्याने लेख येत राहिले. पण उवांच्या अभ्यासात सगळे चिठ्ठीवर अवलंबून असते: कोणत्या पक्ष्यावरून, कुठे, कधी. ती चुकली की काय होते याची दोन उदाहरणे सांगतो. नामशेष झालेल्या अमेरिकेतल्या प्रवासी कबुतराबरोबर त्याच्या दोन उवाही गेल्या असे मानले जाई. त्यातली एक दुसऱ्या कबुतरावर जिवंत निघाली, आणि दुसरी मुळात ऑस्ट्रेलियातल्या कबुतराची, नमुन्यांच्या घोळात तिथे आलेली. दुसरे उदाहरण रिचर्ड मायनर्ट्झहागेनचे. या इंग्रज कर्नलने लाखो उवा जमवल्या, थेरेसा क्ले या मोठ्या तज्ज्ञ बाईंबरोबर त्यांवर लिहिले. पुढे उघड झाले की त्याने संग्रहालयांतून पक्ष्यांची कातडी चोरून त्यांवर खोट्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. आपल्या रानपिंगळ्याची त्याची गुजरातची नोंद अशीच खोटी. ती वगळून खऱ्या चिठ्ठ्यांच्या जागी शोध घेतला तेव्हा १९९७ मध्ये हा पक्षी शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला.

चामराजपेटेत सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, बेंगळुरूत जखमी घारी-घुबडांवर उपचार करणाऱ्या संस्था आहेत, आणि हेब्बाळला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन केंद्र आहे. पुण्या-मुंबईतही पक्षी वाचवणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. त्यांना एवढीच विनंती: आलेल्या पक्ष्याची चोच आणि पाय आधी तपासा, औषध नंतर. आणि औषध मारण्यापूर्वी चार उवा स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवा: पक्षी, गाव, तारीख. शाईने लिहू नका, स्पिरिटमध्ये ती विरघळते.